ठेका लिहायचा कसा? संगणकावर ताल बसवू पाहणाऱ्यांसाठी

श्रावण लागला की रत्नागिरी, संगमेश्वर, गुहागरकडच्या जाखडी (गणपतीत होणारा कोकणातला फेराचा नाच) मंडळांचे व्हॉट्सअॅप ग्रुप जागे होतात. निम्मी पोरं गावात, निम्मी मुंबईत. गणपतीला सगळे चाकरमानी एकदम येणार आणि दुसऱ्याच रात्री नाच उभा राहिला पाहिजे. मग कुणीतरी इंटरनेटवरून ढोलकीचा एक तयार लूप उतरवतो, ग्रुपवर टाकतो आणि म्हणतो, यावर सराव करा. सराव होतो, पण अर्धवट. लूप एकाच लयीत फिरत राहतो, तर आपलं गाणं हळूहळू चढतं. चरण संपतो तिथे लूप काही थांबत नाही, उठाव हवा तिथे उठत नाही. सिंधुदुर्गात डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याची, तयारी करणाऱ्या नव्या भजनी मंडळांचीही हीच रड आहे.

आपला ठेका आपण लिहिणं हा यावरचा उपाय. लॅपटॉप असेल तर पैसे न घालता जमतं. अडचण येते ती दुसरीकडेच: सॉफ्टवेअर उघडलं की समोर चौकोनांची जाळी दिसते आणि या जाळीचा ढोलकीशी काय संबंध, ते कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट, तुम्ही जे लिहिता तो आवाज नसतो, हुकूम असतो. ‘अमुक वाद्य, अमुक क्षणी, इतक्या जोराने वाजव’, एवढंच संगणक साठवतो. या हुकमांची भाषा म्हणजे मिडी. ती १९८३ साली ठरली आणि आजही जवळपास तीच चालते. प्रत्येक आघाताला एक क्रमांक आणि १ ते १२७ मधला एक जोर. त्या जोराला इंग्रजी मेनूत व्हेलॉसिटी म्हणतात, मी इथे सरळ वजन म्हणतो. वाद्यांचे क्रमांकही १९९१ मध्ये ठरून गेले. ड्रम दहाव्या चॅनलवर, ३६ म्हणजे बास ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट, ४६ उघडी हाय-हॅट. या यादीत पखवाज नाही, ताशा नाही, झांज नाही. त्यांचं काय करायचं ते पुढे येईलच. हुकूम आणि आवाज वेगळे असण्याचा फायदा मोठा आहे: लय वाढवली तरी आवाज फाटत नाही, आणि तोच ठेका एका क्लिकवर ढोलकीवरून पखवाजावर नेता येतो. उतरवलेल्या लूपमध्ये हे होत नाही. तो ताणला की ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजू लागते.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं यावर पोरं महिनाभर वाद घालतात. घालू नयेत. हायड्रोजन हे फुकट आहे, फक्त तालासाठीच बनवलेलं आहे आणि त्यात स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज भरणं सोपं आहे. सुरुवातीला एवढं पुरे. पुढे गाणं, पेटी, कोरस असं सगळं एकत्र करायचं तर रीपर बरं, ते ६० दिवस वापरून बघता येतं. एफएल स्टुडिओच्या चाचणी आवृत्तीत एक मेख आहे. काम साठवता येतं, पण बंद केल्यावर ते परत उघडता येत नाही. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे ही मेख फारच बोचते. आयफोन किंवा मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच.

केरवा, घरोघर

आता प्रत्यक्ष लिहू. केरवा घेऊ, कारण तो सगळ्यांच्या हातात असतो: धा गे ना ति, न क धिं ना. आठ मात्रा. सॉफ्टवेअर नवीन फाइल उघडतं तेव्हा चार ठोक्यांची एक ओळ आणि तिचे १६ चौकोन देतं. म्हणजे एका मात्रेला दोन घरं. धा पहिल्या घरात, गे तिसऱ्या, ना पाचव्या, असं करत शेवटचा ना पंधराव्या घरात.

पण धा नावाची ओळच त्या जाळीत नसते. धा हा दोन हातांचा बोल आहे. उजवीवर एक थाप, डावीवर एक, दोन्ही एकत्र. म्हणून जाळीत दोन ओळी करायच्या, उजवी आणि डावी:

उजवी: ● – – – ● – ● – ● – – – ● – ● –
डावी: ● – ● – – – – – – – ○ – ● – – –

भरलेला ठिपका म्हणजे खुला आघात, पोकळ ठिपका म्हणजे ‘क’चा बंद आघात. डावीची ओळ नुसती डोळ्यांनी वाचा. चौथ्या घरापासून बाराव्या घरापर्यंत खुला घुमारा एकदाही नाही. खालीचा, म्हणजे तालातला हलका, भाग तो हाच. कानाला जे वर्षानुवर्षं कळत होतं ते इथे दिसायला लागतं, आणि माझ्या मते चौकोनांचा सगळ्यात मोठा उपयोग हा आहे. दोन्ही ओळींत सगळीकडे घुमारा भरून ठेवणारे नवशिके मी खूप पाहिलेत. ठेका जड होतो आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठली तेच कळत नाही.

लय १०० (मिनिटाला १०० ठोके) ठेवली तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, मात्रा ३००ची आणि एक घर १५०चं. पूर्ण आवर्तन २.४ सेकंदांत संपतं. इथे एक गोंधळ हमखास होतो. सॉफ्टवेअरचा ठोका म्हणजे आपल्या दोन मात्रा. ढोलकीवाला मिनिटाला २०० मात्रा मोजत असतो आणि पडद्यावर १०० दिसतं. मुंबईचा ग्रुप म्हणतो लय २०० आहे, गावचा म्हणतो १००, आणि दोघंही बरोबर असतात. आधीच ठरवून घ्या.

आता वाजवा. ठेका बरोबर वाजेल आणि अत्यंत वाईट वाजेल. कारण माउसने टाकलेला प्रत्येक आघात एकाच वजनाचा असतो. माणूस तसं वाजवत नाही, वाजवूच शकत नाही. मी साधारण असे आकडे धरून सुरुवात करतो: धा ११२, गे ७८, ना ९२, ति ६०, न ७४, क ५०, धिं १००, ना ८८. हे काही शास्त्र नाही. तुमच्या गावच्या ढोलकीवाल्याचा शेवटचा ना धापेक्षाही चढा असेल तर तसा लिहा, कारण कदाचित तिथूनच त्याचा नाच उचलतो. पण आठांपैकी कुठलेही दोन शेजारी एकाच आकड्यावर ठेवू नका, आणि ‘ति’ व ‘क’ खरोखर खाली आणा. नवशिक्याला वाटतं की १०० आणि ९० मध्ये फरक केला म्हणजे झालं. कानाला तो फरक जाणवतही नाही. ११२ आणि ५० मध्ये ठेका चालायला लागतो.

त्यानंतर रिकामी घरं. चौथं, सहावं, दहावं, चौदावं अशा जागी बोटांची हलकी चाळवाचाळव भरायची, वजन २५ ते ३५. ऐकणाऱ्याला ती वेगळी ऐकू येता कामा नये. ती बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे, इतपतच.

दोरीवरून बाजूला

चारसूत्री भातलावणीत दोरी ताणतात आणि चूड तिच्या खुणेवरच लावतात. सॉफ्टवेअरमधलं क्वांटाइज नावाचं बटण म्हणजे ती दोरी. तुम्ही कीबोर्डवर वेडंवाकडं वाजवलेलं सगळं ते उचलून जवळच्या खुणेवर नेऊन बसवतं. भाताला हे मानवतं, ठेक्याला अर्धंच.

ही कल्पना जुनी आहे. १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-१ हे यंत्र काढलं. खऱ्या ड्रमचे डिजिटल रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं ते पहिलं ड्रम मशीन. त्याच वर्षी आलेल्या रोलँडच्या टीआर-८०८ मध्ये मात्र आवाज विजेच्या सर्किटांतून तयार होत, कुठलंही खरं वाद्य त्यात नव्हतं. लिन यांच्या यंत्रात दोन गोष्टी होत्या: आघात खुणेवर बसवणं, आणि मग त्यातले ठरावीक आघात मुद्दाम खुणेनंतर सरकवणं. या सरकवण्याला स्विंग म्हणतात आणि आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ते टक्क्यांत असतं.

टक्के कशाचे? दोन शेजारच्या घरांची एक जोडी घ्या. लय १०० असताना ती ३०० मिलिसेकंदांची. स्विंग ५० टक्के असेल तर दुसरा आघात बरोबर मध्यावर, १५०व्या मिलिसेकंदाला. ५८ केलं की तो १७४वर जातो. ६६ ला १९८वर, म्हणजे जवळजवळ तीन भागांतला तिसरा, आणि चाल दादऱ्यासारखी झुलायला लागते. सरळ केरव्याला ५४ ते ५८ पुरतं, त्यापुढे तो केरवा राहत नाही.

स्विंगचं बटण फिरवून काहीच बदललं नाही अशी तक्रार घेऊन पोरं येतात. बटण बिघडलेलं नसतं. ते फक्त सम क्रमांकाची घरं हलवतं: दुसरं, चौथं, सहावं. वरचा मूळ केरवा बघा, त्याचे आठही बोल विषम घरांत आहेत. हलवायला काही नाहीच. रिकाम्या घरांत भरलेली हलकी बोटं असतील तेव्हाच स्विंग ऐकू येतो.

ह्युमनाइज नावाचं आणखी एक बटण असतं. ते प्रत्येक आघात थोडा मागेपुढे करतं, पण कसाही, फासे टाकल्यागत. माझं त्याच्याशी पटत नाही. वाजवणारा माणूस असा कसाही चुकत नाही, त्याच्या सरकण्याला कारण असतं. तिहाई (समेवर येण्याआधी तीनदा घेतलेला तुकडा) जवळ आली की तो किंचित पुढे धावतो, समेवर आल्यावर विसावतो, धा वाजवताना डावा हात उजव्याच्या कणभर मागे पडतो. हे तिन्ही हाताने लिहिता येतं. रीपरमध्ये एका ठोक्याचे सहसा ९६० भाग असतात. लय १०० असताना एक भाग ०.६२५ मिलिसेकंदाचा. म्हणजे धामधला डावा आघात १६ भाग मागे सरकवला की तो बरोबर १० मिलिसेकंद उशिरा पडतो. एवढ्याने दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत, पण धा रुंद होतो. ३० मिलिसेकंद केले तर दोन हात सुटे ऐकू येतील. समेचा धा आणि तेराव्या घरातला धिं, दोन्हीकडे सारखाच उशीर देऊ नका.

दादरा किंवा रूपक लिहायचा असेल तर आधी तालाचा आकडा (इंग्रजी मेनूत टाइम सिग्नेचर) बदला. सहा मात्रा सोळा घरांत कोंबायला गेलात तर फसाल, बारा घरं घ्या. रूपकात सात मात्रा आणि सम खालीवर, ती ती ना असा तो सुरू होतो. सॉफ्टवेअरचा मेट्रोनोम मात्र पहिल्या मात्रेवर मोठ्याने टणत्कार करतो. रूपकाचा सराव करताना त्याचा तो जोर बंद करून टाका, नाहीतर गाणारा चळतो.

जाखडीची लय चढते, त्यासाठी टेम्पो ट्रॅक असतो. त्यावर रेघ ओढून १०० वरून १२५ पर्यंत नेता येतं. सरळ तिरकी रेघ ओढू नका. चरणात लय धरून ठेवा, कोरस उचलतो तिथे दोन-तीन आकडे चढवा, पुन्हा धरा. नाचणाऱ्यांचे पाय पायरीने चढतात.

आपला आवाज आपण भरायचा

सॉफ्टवेअरसोबत येणारे ‘इंडियन’ नावाचे आवाज बहुतेक तबल्याचे असतात, तेही बैठकीतल्या तबल्याचे. शिमग्याचा ढोल, पालखीपुढचा ताशा, भजनातली झांज हवी तर आपणच रेकॉर्ड करायची. त्यासाठी स्टुडिओ नको, कोरडी हवा हवी. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि वाद्य उतरतं, शिवाय कौलांवर पाऊस असेल तर प्रत्येक आवाजामागे तो कायमचा बसतो. दिवाळीनंतर दुपारी, घरात गाद्या-गोधड्या टांगून हे काम करावं. रात्री रातकिडे असतात. आपल्या कानाला त्यांची इतकी सवय झालेली असते की रेकॉर्डिंग ऐकेपर्यंत ते लक्षातच येत नाहीत.

फोनने रेकॉर्ड करणार असाल तर एक सांगतो. फोनचं साधं रेकॉर्डर अॅप बहुधा हळू आवाज आपोआप मोठा करतं आणि मोठा आवाज दाबतं. बोलण्यासाठी ठीक आहे, पण आपल्याला नेमकं वजन पकडायचं असतं आणि तेच त्यात सपाट होतं. ही आपोआपची सोय बंद करता येणारं अॅप घ्या किंवा कुणाचा हातातला रेकॉर्डर मागून आणा.

प्रत्येक बोल चार वजनांत, प्रत्येक वजन चार वेळा. म्हणजे एका बोलाचे १६ आवाज. एवढे कशाला? जोरात मारलेली थाप ही हळू थापेचा मोठा केलेला आवाज नसतो, तिचा नादच वेगळा. पुडी जास्त ताणली जाते, कड बोलते. म्हणून ४० वजनाला एक रेकॉर्डिंग आणि ११० ला दुसरं वाजलं पाहिजे. आणि तेच वजन लागोपाठ आलं तर चारांतलं दरवेळी वेगळं वाजलं पाहिजे. याला राउंड रॉबिन म्हणतात. ताशाला ते नसेल तर बघाच. लय १०० असताना घराचे दोन तुकडे केले की आघात दर ७५ मिलिसेकंदाला पडतो, आणि एकच आवाज त्या वेगाने वाजला की ताशाची मशीनगन होते.

पखवाज असेल तर सगळे बोल एकाच बैठकीत उरका. डावीची कणीक वाळत जाते तसा घुमार चढत जातो. सकाळचा धा आणि दुपारचा धा एका ठेक्यात आले तर दोन वेगळे पखवाज ऐकू येतात.

झांजेची वेगळीच गंमत. उघडी झांज दोन-तीन सेकंद झणझणते, पण वाजवणारा पुढच्या आघाताला ती दाबून बंद करतो. जाळीत दोन ओळी केल्या आणि तशाच सोडल्या तर उघडी झांज बंद झांजेवरही झणझणत राहते, आणि चार आवर्तनांत नुसता कल्लोळ. त्यासाठी चोक ग्रुप नावाची सोय असते. दोन्ही आवाज एकाच गटात टाकले की एक सुरू होताच दुसरा तुटतो. पाश्चात्त्य सेटमध्ये ४२ क्रमांक ४६ ला तोडतो तो याच पद्धतीने. हायड्रोजनमध्ये याला म्यूट ग्रुप म्हणतात.

माउस सोडून कीबोर्डवर किंवा पॅडवर बोटांनी वाजवणार असाल तर आवाज उशिरा येतो अशी तक्रार पहिल्याच दिवशी कराल. सेटिंगमध्ये बफरचा, म्हणजे संगणक एका वेळी किती आवाज साठवून मग सोडतो त्याचा, आकडा बघा. तो १०२४ असेल आणि सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर २३ मिलिसेकंद तिथेच गेले. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे तुमची ढोलकी आठ मीटर लांब बसली. २५६ केलं तर सहाच्या आत येतं, दोन मीटर. विंडोजवर त्यासाठी एएसआयओ प्रकारचा ड्रायव्हर लागतो. ब्लूटूथ हेडफोन वापरून हे काम करायचा प्रयत्नच करू नका.

सगळं झाल्यावर कुडाळकडच्या एका भजनी बुवांना मी फोनवर ट्रॅक ऐकवला. त्यांनी फोन कानाला लावला, काढला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, “धूम खय गेली?” गेली नव्हती, फोनला ती वाजवताच येत नव्हती. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही, आणि डावीचा घुमार मुख्यतः तिथेच राहतो. हेडफोनवर भरदार वाटलेला ठेका फोनवर नुसता टकटक होतो. मंडळाची पोरं तर फोनवरच सराव करणार. उपाय म्हणजे डावीच्या ओळीवर थोडं सॅच्युरेशन लावायचं. त्याने घुमाराच्या वरचे दुप्पट-तिप्पट कंपनांचे नाद तयार होतात, ते फोनवर ऐकू येतात आणि कान खालचा नाद स्वतःच भरून घेतो. नुसता बास वाढवून काही होत नाही, उलट स्पीकर फडफडतो. मी पाठवण्याआधी ट्रॅक एकदा तरी सगळ्यात स्वस्त फोनवर, पंखा चालू ठेवून ऐकतो.

पाठवताना ट्रॅकच्या आधी एक रिकामं आवर्तन नुसत्या झांजेचं ठेवा, म्हणजे दोन्हीकडची मंडळी एकाच समेवर उतरतील. एका कानात ठेका आणि दुसऱ्या कानात मेट्रोनोम अशी दुसरी फाइल कोरसवाल्यांसाठी करता येते, त्यांना ती फार आवडते. व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाका, फाइल जशीच्या तशी जाते. सोबत मिडी फाइलही द्या, मुंबईत कुणी कीबोर्डवाला असेल तर तो लय स्वतः बदलून घेईल. नाचाच्या रात्री मात्र लॅपटॉप घरी ठेवा आणि ढोलकीवाल्याला बसू द्या. नाचणारा फेऱ्यात अडखळला तर त्याच्यासाठी अर्धी मात्रा थांबायची सोय अजून माझ्या सॉफ्टवेअरमध्ये तरी नाही. आणि फाइलच्या नावात लय आणि तारीख लिहा. ‘गण फायनल’, ‘गण फायनल नवीन’ आणि ‘गण फायनल खरा’ अशा तीन फाइली ग्रुपवर फिरत असतील तर मुंबईवाले जुन्यावरच सराव करून येतात.